स्प्लेंडरवरचा पसारा उतरवायचाय: काय काढू, काय ठेवू? (बेळगाव-खानापूर)

जांबोटीरोड
नमस्कार मंडळी. आबांची २०१२ ची स्प्लेंडर प्लस आता माझ्याकडं आलीय. केए-२२, रंग काळा, इंजिन ठणठणीत. खरं आबांनी इतक्या वर्षांत तिच्या अंगावर काय काय चढवलंय बघा: लेगगार्ड, पुढं व्हायझर, मागं कॅरियर, सीटवर कव्हर आणि त्या कव्हरवर आणखी एक कव्हर, पिशव्या अडकवायला तीन हुक, जमिनीला टेकणारा रबरी फ्लॅप, टाकीवर रेग्झिनचा अंगरखा. खाली गाडी आहे हे सांगावं लागतंय.

मला ती एकदम सडसडीत करायची आहे. गोल हेडलाईट, टाकी आणि सीट एका रेषेत, मागं शेपूट नाही. रोज जांबोटीकडनं किणये, पिरनवाडी करत उद्यमबागेत कामाला येतोय. बाजाराच्या दिवशी आई मागं बसते. मेस्त्री म्हणतोय, "मागची चॅसिस कापू, यू-लूप (यू आकारात वाकवलेली नळी) मारू, आठ दिवसांत गाडी घेऊन जा." बजेट वीसेक हजार. कापू काय?

घाटातला_गिअर
आधी फोटो टाक मर्दा. बाजूनं काढलेला.

जांबोटीरोड
टाकलाय. हसू नका.

घाटातला_गिअर
हुक तीन नाहीत, चार हायत. साडीगार्डच्या मागं बघ.

कोल्हापुरी_कटर
भावा, काप. विचार करत बसलास तर गाडी तशीच राहणार. लांब सीटची चॅसिस मागच्या चाकाच्या पार पलीकडं जाते, ती तशी ठेवून वर कितीबी छोटी सीट बसव, खालनं नळ्या दिसणारच. मागचं चाक मोकळं दिसलं पाहिजे, त्यातच सगळा लूक आहे. इकडं शिवाजी उद्यमनगरात हे काम करणारे ढिगानं आहेत, येऊन जा एकदा.

उद्यमबाग_टर्नर
मी लेथवर असतो, वेल्डिंगची शेड शेजारीच आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

कटर सगळ्यात शेवटी. स्प्लेंडरची मागची चॅसिस बोल्टवर नाही, मूळ फ्रेमलाच वेल्ड केलेली आहे. केटीएमच्या ३९० ड्यूकला २०१७ पासून मागची सबफ्रेम बोल्टवर आली, तिथं हौस फिटली की जुनी परत लावता येते. तुझ्या गाडीत कापलं ते गेलं.

त्यापेक्षा आधी पान्यानं जेवढं सुटतं तेवढं सोडव. लेगगार्ड, कॅरियर, व्हायझर, हुक, फ्लॅप, दोन्ही कव्हरं. सगळं नटबोल्टसकट एका पोत्यात घाल आणि माळ्यावर ठेव. भंगारवाल्याला देऊ नको. मग गाडी धू, आणि महिनाभर तशीच चालव. माझ्याकडं ब्रॅकेट करून घ्यायला येणारी निम्मी पोरं इथंच थांबतात, कारण गाडी कंपनीनं मुळात बारीकच केलेली असते, जाड आपण करतो.

त्यानंतरही कापायचीच असली तर नीट ऐक. नळी फर्निचरवाली पातळ नको, मूळ नळीएवढी जाडी तरी पाहिजे, सीमलेस मिळाली तर उत्तम. तोंडाला तोंड लावून वेल्ड मारायचा नाही. आत घट्ट बसणारा तुकडा टर्न करून घ्यायचा, त्याला आम्ही स्लग म्हणतो. तो दोन्हीकडं इंचभर आत जायला पाहिजे. बाहेरच्या नळीला भोकं पाडून तिथनं स्लगला वेल्ड, मग जोडावर गोल वेल्ड. इन्स्टाग्रामवर जो जोड अजिबात दिसत नाही त्याचं कौतुक करताना हे लक्षात ठेव की तो ग्राइंडरनं घासलाय, आणि घासताना वेल्डचं मटेरियलच गेलंय. शॉकअपचा वरचा बोल्ट जिथं बसतो त्याच्या पुढं कटर न्यायचं नाही, मागचं सगळं वजन तिथंच येतं. वेल्डिंगआधी बॅटरीची वायर आणि सीडीआयचा (प्लगला स्पार्क देणाऱ्या डबीचा) कपलर सोडायचा. हे वेल्डर करत नाही, मालकानं उभं राहून करून घ्यायचं असतं.

कोल्हापुरी_कटर
टर्नरदादा, स्लगचं बरोबर. खरं पान्यानं सोडवलेली गाडी म्हणजे सर्व्हिसिंगला सोडलेली गाडी दिसते. तिला लूक म्हणत नाहीत.

उद्यमबाग_टर्नर
लूक रेषेतनं येतो. स्प्लेंडरची टाकी मागं उतरती आहे, म्हणून सीट कितीबी सपाट केली तरी गाडी मागं बसल्यागत दिसते. टाकीच्या मागच्या बोल्टखाली अर्ध्या इंचाचा रबरी स्पेसर घाल आणि दहा फूट लांब उभं राहून बघ. टाकीची खालची कड जमिनीला समांतर झाली की अर्धं काम झालं, कटर न लावता. अर्ध्या इंचाच्या वर मात्र जाऊ नको. टाकी मागनं जास्त उचलली की पेट्रोल पुढच्या भागात साठतं, कॉकपर्यंत पोचत नाही, आणि रिझर्व्हला लावूनही गाडी बंद पडते.

कागदपत्र_काका
कोणी विचारलं नाही तरी सांगतो. गाडी २०१२ ची, म्हणजे खासगी नोंदणीची १५ वर्षं २०२७ मध्ये भरतात. आर्सी पुढं ५ वर्षं वाढवायची तर गाडी इन्स्पेक्टरसमोर उभी करावी लागते. त्यावेळी कापलेली चॅसिस काय सांगून दाखवणार?

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ स्पष्ट आहे. कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं तेच पुन्हा सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं कलम १८२अ आलं. त्यात विनापरवाना बदलाला ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही. आणि ५००० हे दर बदलामागं आहेत, गाडीमागं नाहीत. यू-लूप एक, सायलेन्सर दुसरा, असं मोजायचं.

आर्सीवर दोन माणसांची आसनसंख्या आहे, एकट्याची सीट बसवली की तिथंही प्रश्न. रंगही आर्सीवर असतो. तुझी काळी आहे ती काळीच ठेव, मॅट असो की चकचकीत. मिलिटरी हिरवा वगैरे डोक्यात असेल तर काढून टाक.

नव्वद_सीसी
मागं माणूस बसायची सोय असेल तर हातानं धरायला ग्रिप, पाय ठेवायला फुटरेस्ट आणि मागच्या चाकाचा निदान निम्मा भाग झाकणारं गार्ड पाहिजे, हे पण नियमात आहे. केंद्रीय नियमावली, नियम १२३.

सीमेवरचा_गडी
त्यापेक्षा नंबरप्लेट मराठी आकड्यांत लावायची का कन्नडमध्ये, ते आधी ठरवा 😄

धागा_पहारेकरी
दोन्हीत नाही. नियमानं अक्षरं इंग्रजी आणि आकडे इंग्रजी पद्धतीचे. सीमाप्रश्नाचा धागा वेगळा आहे, तो आज पाचशे प्रतिसादांकडं चाललाय, तिकडं जा.

कागदपत्र_काका
प्लेटचा विषय निघालाच म्हणून. एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांनाही एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबरप्लेट लागते. मागची २०० गुणिले १०० मिलिमीटर, पुढची २८५ गुणिले ४५. ती कापायची, वाकवायची नाही. स्विंगआर्मच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याच्या) बाजूला उभी लटकवलेली प्लेट फोटोत झकास, खरं तिच्यावर उजेड पडत नाही आणि पावसाळ्यात ती चिखलानं भरते.

सेकंडहँड_सौंदत्ती
मग कोल्हापूर पासिंगची जुनी गाडी घेऊन तिच्यावरच प्रयोग केला तर? एमएच-०९ तिकडं स्वस्तात मिळतात.

कागदपत्र_काका
कायदा दोन्हीकडं तोच, कागल ओलांडल्यावर बदलत नाही. वर १२ महिन्यांपेक्षा जास्त इकडं ठेवलीस तर एनओसी आणून केए नंबर घ्यायचा, इथला टॅक्स भरायचा. स्वस्त कुठं राहिली?

शहापूरची_मावशी
जांबोटीरोड, तुमची आई मागं एका बाजूला बसते की दोन्हीकडं पाय टाकून? साडीत असतील तर एका बाजूलाच. मग साडीगार्ड काढायचा विषय संपला. तुम्ही पोरं फोटो बघता त्या गाड्यांवर मागं कोण बसलेलं दाखवत नाहीत. पदर नाहीतर ओढणी स्पोकमध्ये गेली की माणूस मागं ओढला जातो, सावरायला वेळच मिळत नाही. चेनचं पूर्ण कव्हर काढून उघडी चेन ठेवायची फॅशनही पाहिलीय. त्यात ओढणी पण जाते आणि माती पण.

आणि सीट. दीड इंच जाडीची फळी करून घेता आणि मग आई म्हणते मी वडापनं येते.

घाटातला_गिअर
मावशींना +१. उघड्या चेनचं म्हणाल तर जांबोटी-कणकुंबीच्या पावसात ती जूनमध्ये घातली तर ऑगस्टपर्यंत ढिली पडून वाजायला लागते. स्प्लेंडरचं बंद चेनकव्हर दिसायला अगदी पांडू आहे, खरं ते आहे म्हणून आबांना चेन बदलायला इतकी वर्षं लागली असणार.

जांबोटीरोड
आई साडीतच. साडीगार्ड आणि चेनकव्हर राहिलं मग. आता मडगार्डचं सांगा. मागचं तरी काढू द्या.

चोर्ल्याचा_पाऊस
आमच्याकडचा पाऊस तुला सांगायला नको. मागचं मडगार्ड काढलंस की पाठीवर मानेपर्यंत तांबडा पट्टा उठतो, ते लोकांना माहीत असतं. माहीत नसतं ते दुसरंच. चाकानं उडवलेलं पाणी पाठीवर येण्याआधी सीटखाली जातं. तिथं एअर फिल्टरचा डबा, बॅटरी, सीडीआय, कपलर. मूळ मडगार्डचा पुढचा अर्धा भाग बाहेरनं दिसतच नाही, तो ह्या सगळ्याला आडोसा आहे. पोरं शेपटी काढायला जातात आणि पुढचा आडोसाही काढतात. मग गाडी भिजली की मिसिंग करते, आणि दोष प्लगला.

म्हणून आतला भाग ठेव, बाहेर लोंबणारा तेवढा कमी कर. तोही मूळ पत्रा न कापता. जुन्या बाजारात दुसरं मडगार्ड मिळतं, ते कापून लाव. तुझं पोत्यात.

पुढच्याचं वेगळं. स्प्लेंडरचं पुढचं मडगार्ड दोन्ही फोर्कला बांधलेलं असतं, ते दोन नळ्यांना एकत्र धरून ठेवतं. ते पूर्ण काढलं तर खड्ड्यात हँडल हलकं, सैल वाटायला लागतं. आणि पाणी थेट इंजिनच्या डोक्यावर, तिथनं तुझ्या बुटात. लहान कर, काढू नको.

निपाणी_टूस्ट्रोक
लाल मातीवाल्यांचं ठीक आहे, आमच्या काळ्या मातीत उलटं. निपाणी-चिकोडीच्या शेतरस्त्याला पाऊस पडला की चिखल उडत नाही, चिकटतो. चाकाला अगदी बसतं मडगार्ड घातलं की आत गोळा जमतो आणि चाक फिरायचं बंद. म्हणून आमच्याकडं जुन्या गाड्यांची पुढची मडगार्डं उंच उचललेली दिसतील. तंबाखूच्या शेताकडं जायचं तर तेच बरं. किती मोकळं ठेवायचं ते गावातल्या मातीवर आहे.

माझी आरएक्स १०० आहे. ९८ सीसी, ११ हॉर्सपॉवर, १९८५ ते १९९६ एवढीच वर्षं बनली, अजून लोक तोंडाला येईल तो भाव सांगतात. ती मुळातच इतकी हलकी की उतरवायला काही नाही, म्हणून पोरांची नजर जाते एअर फिल्टरच्या डब्यावर. डबा काढून शंकूचा फिल्टर लावला की मधली जागा मोकळी दिसते, आवाजही भरतो. खरं हवा वाढली आणि जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल सोडणारं भोक) तोच राहिला तर मिश्रण पातळ होतं. टू-स्ट्रोकमध्ये वंगण पेट्रोलबरोबरच येतं, पातळ झालं की पिस्टन धरतो. स्प्लेंडर फोर-स्ट्रोक, तिथं एवढ्यात मरत नाही, पण तापते आणि पिकअप तुटतं. प्लग काढून बघायचा. फिकट चॉकलेटी असला तर बरोबर, पांढरा पडला तर मेन जेट एक नंबर वाढव. काळा ओला तर उलट. आणि शंकूचा फिल्टर पावसात पाणी पितो हे वेगळंच. डबा ठेव, साईडकव्हर साधं सपाट करून घे.

कोल्हापुरी_कटर
मडगार्ड ठेव, डबा ठेव, साडीगार्ड ठेव, चेनकव्हर ठेव. मग शोरूममध्येच नेऊन ठेव की.

अथणीचा_मास्तर
😀 कटर, तुझी चिडचिड समजते. पण ही तऱ्हा मुळात गरजेतनंच आली. अमेरिकेत १९३०-४० च्या दशकांत पोरांनी जड गाड्यांचं पुढचं मडगार्ड काढलं, मागचं आखूड केलं, ते पळवायला. लंडनच्या एस कॅफेभोवतीची पोरं पन्नास-साठच्या दशकांत हँडल खाली घ्यायची, तेही वेगासाठीच. लूक मागाहून आला.

आपल्याकडचा नमुना बघायचा तर गवळ्याची गाडी बघावी. माझ्या लहानपणी अथणीत दूध घालायला येणारी येझदी होती, म्हैसूरच्या आयडियल जावाची. तो कारखाना १९६१ ला सुरू झाला, १९९६ ला बंद पडला. त्या गाडीला इंडिकेटर नाही, साईडकव्हर नाही, मीटरच्या जागी भोक, सीटचा मागचा भाग काढून दोन्हीकडं कॅनच्या कड्या. पण मडगार्ड दोन्ही शाबूत आणि साखळीवर पत्रा. दुधात चिखल पडून चालत नव्हता ना. कायद्यात ती कुठं बसत नव्हती ते सोडा, पण काय ठेवायचं हे त्याला नेमकं कळलं होतं.

वायरमन_वडगाव
वायरिंगचं कुणी बोललं नाही. २०१२ च्या स्प्लेंडरचा हेडलाईट बॅटरीवर नाही, इंजिनच्या एसी करंटवर चालतो, म्हणून आयडलला मंद होतो. त्यावर बाजारातला एलईडी गोल लाईट थेट लावला तर चमकत राहतो, नाहीतर उडतो. डीसीवर घ्यायचं तर स्टेटरची (इंजिनातल्या वीज बनवणाऱ्या कॉइलची) अर्थिंग सोडवून रेक्टिफायर बदलायला लागतो. तेवढं करायचं नसेल तर गोल डोम घे आणि आत मूळचाच ३५/३५ वॅटचा बल्ब ठेव. उजेड तोच, गोल दिसायचं काम झालं.

इंडिकेटर छोटे एलईडी घेतलेस तर फ्लॅशरही एलईडीचा घे, नाहीतर भराभर लुकलुकतात. मीटर छोटा घेताना केबल कुठल्या गाडीची ते विचार. गिअरचं प्रमाण जुळलं नाही तर पन्नासला सत्तर दाखवतो. आणि वायरी लपवायला टाकीखाली कोंबू नको. हँडल दोन्हीकडं पूर्ण वळवून बघायचं. कुठली वायर ताणते का, आणि वळवल्यावर रेस आपोआप वाढते का. वाढली तर केबल अडकतेय.

चाकवाला
टायर जाड घालायचा मोह होणार म्हणून आधीच: रिम १.६० ची, टायर २.७५-१८. मागं ३.००-१८ बसतो, छान दिसतो. त्याच्या वर गेलास तर चेनकव्हरला घासतो आणि अरुंद रिमवर टायर मधनं फुगतो, वळणावर गाडी डळमळते. शॉकअप आखूड घालून मागनं खाली करू नका, हँडल जड होतं. वंटमुरी घाटात ट्रकच्या मागं असताना कळतं.

जांबोटीरोड
सगळ्यांचं वाचून काम केलं, आता सांगतो.

पान्याचं सगळं एका दुपारीत सुटलं. हुक खरंच चार निघाले, गिअरदादा. रेग्झिनचा अंगरखा काढल्यावर टाकीचा रंग नव्यासारखा, त्याला हात लावला नाही. टाकी मागनं रबरानं उचलली, साधारण चार सूत, म्हणजे अर्धा इंच. बाजूनं बघितलं तर खरंच गाडी सरळ झाली. हँडल बदललं, सरळ पाइपचं घेतलं. गोल डोम, आत जुनाच बल्ब. मागचं मडगार्ड जुन्या बाजारातनं दुसरं घेऊन आखूड केलं, खाली एचएसआरपी आणि छोटा गोल टेललाईट, प्लेटवर उजेड पडेल असा. साडीगार्ड बारीक सळीचं करून घेतलं, निम्मं चाक झाकतंय.

सीटसाठी शहापुरात एका गल्लीतल्या गादीवाल्याकडं गेलो. त्यानं फोटो बघितला, मग म्हणाला, "मागं कोण बसणार?" आई म्हटल्यावर फोटो बाजूला ठेवला. टर्नरदादांच्या शेजारच्या शेडमधनं १८ गेजचा तळपत्रा करून नेला होता. मूळ सीटचेच हुक आणि बोल्ट लागतील असा, म्हणजे चॅसिसला काही नाही. त्यानं आधी कडक रिबॉन्डेड फोम चिकटवला, त्यावर मऊ फोमचा पातळ थर. मग लांब पात्याच्या सुरीनं कडा अशा उतरवल्या की बाजूनं सीट पातळ दिसते आणि बसायच्या जागी जाडी पूर्ण आहे. रेग्झिन ओढताना कोपऱ्यात चुणी येऊ नये म्हणून आतनं त्रिकोणी काप घेतला, तोंडात पिना धरून. शिवण आडवी, पाच रेघा. लांबी मूळच्यापेक्षा चार बोटं कमी, दोघं आरामात बसतात. चॅसिसच्या नळ्या मागनं थोड्या दिसतात, त्या काळ्या मारल्या.

बजेटमधले निम्मे शिल्लक आहेत. कटर लागलाच नाही.

शहापूरची_मावशी
आई बसल्या का?

जांबोटीरोड
बसली. म्हणाली, "हे चांगलं झालं, खरं पिशवी कुठं अडकवायची?" एक हुक परत लावलाय, डाव्या बाजूला.

कोल्हापुरी_कटर
फोटो बघितला. नळ्या दिसत्यात, मी म्हटलोच होतो. खरं टाकीची रेष जबरा आलीय. तळपत्र्याचं माप मिळंल काय? आमच्या दाजीच्या पॅशनला करतो.

जांबोटीरोड
पुठ्ठ्याचा नमुना ठेवलाय, पाठवतो. पॅशनचे हुक वेगळे असतील, लावून बघूनच कापा.

सेकंडहँड_सौंदत्ती
ते लेगगार्ड विकणार काय? माझ्या स्प्लेंडरला नाही.

जांबोटीरोड
सगळं २०२७ पर्यंत पोत्यात राहणार, काकांनी भीती घातलीय.

कागदपत्र_काका
लेगगार्ड वरनं बसवलेलं असेल तर पासिंगला त्याची गरज नाही. दे त्याला. मडगार्ड आणि मूळ सीट मात्र देऊ नको.